तारा कापायच्या आधी फ्रीव्हील काढ

तुझा प्रश्न दोनदा वाचला रे. म्हणजे आजोबांची काळी सायकल, मिलमध्ये जायचे ती, मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलकडच्या (फ्रीव्हील म्हणजे जिच्यावर चेन बसते ती मागची दातेरी चकती) तीन तारा तुटल्यात, रिम आतून गंजून फुगलीये म्हणून रिम नवीन टाकायचीये पण हब, म्हणजे एक्सल असतो तो चाकाचा मधला भाग, आजोबांचाच ठेवायचाय. फ्रीव्हील काही निघत नाहीये, दुकानात छिन्नी-हातोड्याने ठोकून एक खाच अर्धी उडवली, आणि आता ते म्हणतायत की रिम तर बदलायचीच आहे ना, मग तारा कापून टाकू, हब सुटा हातात आला की फ्रीव्हीलचं बघू. हे बरोबर आहे का असं तू विचारलंयस.

नाही. बाकी काहीही करून बघ, पण फ्रीव्हील हबवर आहे तोवर तारा कापू नकोस आणि कोणाला कापूही देऊ नकोस. आज दुकान बंद करून लगेच लिहायला बसलो ते एवढ्यासाठीच, उद्या सकाळी तू चाक घेऊन तिकडे जाशील आणि पाच मिनिटांत कटरने सगळं साफ करून देतील, आणि मग तो हब वाचवणं खरंच अवघड होऊन बसेल.

कारण सांगतो. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसलेलं असतं, इथले मिस्त्री चूडी म्हणतात, घरी आपण आटे म्हणतो, एकच. ते उघडायचं म्हणजे एका बाजूने फ्रीव्हील धरायचं आणि दुसऱ्या बाजूने हब फिरवायचा. आता हब फिरवायला तुझ्याकडे काय आहे? अख्खं चाक आहे. २८ इंची चाकाच्या मध्यापासून टायरपर्यंत साधारण ३५ सेंटिमीटर होतात, दोन्ही हातांनी मिळून ४० किलोचा जोर लावलास तर हबवर १४ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर) पीळ येतो. तारा कापल्या की हातात काय उरतं, हबची थाळी, म्हणजे तारा अडकतात ती कड, मध्यापासून जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर. तोच ४० किलोचा जोर, पीळ मात्र १.४ वर येतो. दहा पट ताकद तू स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकलीस.

आणि समोर किती घट्ट बसलंय तेही बघ. तुझ्या सायकलला पुढे ४४ दात आणि मागे १८ दात असं धरू, १७ सेंटिमीटरचा क्रँक म्हणजे पेडलचा दांडा, ७० किलोचा माणूस पेडलवर उभा राहिला तर क्रँकवर जवळपास १२ किलो-मीटर आणि मागे फ्रीव्हीलवर त्यातले ५ पोचतात. म्हणजे नुसतं पेडल मारून घट्ट झालेलं फ्रीव्हील चाकाच्या १४ पुढे टिकत नाही, निघतंच. पण वर्षानुवर्षं कॅरियरवर गव्हाचं पोतं लादून चढावर उभं राहून मारलेली सायकल असेल, त्यात पावसाचं पाणी आट्यांत शिरून गंजलेली असेल, तर तो आकडा कितीतरी वर जातो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, तो आट्यांच्या फटीत फुगून बसतो आणि दोन भाग एकमेकांत जाम करून टाकतो. तिथे १.४ ने काही होत नाही.

मी हे स्वतः करून बसलोय. १९८६ ला उस्तादांकडे इथे इंदूरच्या रामबागेत कामाला लागलो तेव्हा मिलच्या शिफ्टा चालू होत्या, हुकुमचंद मिल पुढे १९९१ ला बंद पडली, पण त्या आधी भोंगा झाला की अशा काळ्या सायकलींची रांगच लागायची. एका दूधवाल्याचं चाक होतं, उस्ताद जेवायला गेलेले, मी तारा कापून रिम बाजूला केली आणि मग फ्रीव्हीलला हात घातला. सुटा हब धरायचा कुठे? थाळीच वाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात, दाबली. पीळ दिल्यावर थाळी वाकली, तारांची भोकं लांबट झाली, फ्रीव्हील तसूभर हललं नाही. उस्तादांनी नवीन हब स्वतःच्या खिशातून टाकून दिला त्या माणसाला. मला एवढंच म्हणाले, की चाक मोडायच्या आधी चाकाकडून काम करून घ्यायचं असतं. तेव्हापासून माझ्याकडे रिम बदलायचं चाक आलं की पहिलं फ्रीव्हील निघतं, मग बाकी.

आता कामाकडे येऊ. पहिल्यांदा चाक आडवं ठेव, फ्रीव्हील वर, आणि चिंधीने घासलेट लावून मधला भाग स्वच्छ पूस. काळी पपडी निघेपर्यंत पूस, कारण तुला दोन गोष्टी वेगळ्या दिसायला हव्यात आणि निम्मे लोक इथेच चुकतात. एक्सलच्या अगदी जवळ, आतल्या गोल भागाला ज्या रुंद खाचा आहेत, जुन्या काळ्या सायकलींना बहुतेक दोन असतात, त्या फ्रीव्हील काढायच्या खाचा. त्याच्या बाहेर, दातांच्या बाजूला, एक पातळ गोल झाकण दिसेल, त्यात दोन बारीक भोकं असतात. ती भोकं फ्रीव्हील काढायची नाहीत. ती फ्रीव्हील आतून खोलायची आहेत, छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) आणि कुत्ते (आत अडकणारे छोटे खटके) बघायला, आणि त्या झाकणाचे आटे उलटे असतात. उलटे का तर चाक पुढे फिरत असताना पाय थांबवले की आतला भाग फिरतो आणि बाहेरचा दातांचा भाग थांबतो, छर्ऱ्यांची ओढ त्या झाकणाला सतत घड्याळाच्या उलट दिशेला लागते, सुलटे आटे असते तर झाकण रस्त्यातच सुटलं असतं. तुझी खाच दुकानात उडाली म्हणतोस ती नक्की कुठली, आतली रुंद की झाकणावरचं भोक, ते आधी बघ. झाकणावर ठोकलं असेल तर तुझ्या खऱ्या खाचा अजून शाबूत असतील आणि मग निम्मं काम सोपं.

आता रिमूव्हर, म्हणजे त्या खाचांत दात अडकवून फ्रीव्हील काढायचं हत्यार, दुकानात फ्रीव्हील ओपनर म्हणून मागितलास तरी देतात, दोन दातांचा वेगळा आणि चार दातांचा वेगळा. आजकालच्या सिंगल-स्पीड आणि बीएमएक्सवर चार खाचांचं फ्रीव्हील येतं, त्याला पार्क टूलचा एफआर-६ बसतो. तुला दोन दातांचाच लागेल. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत विचार, चाक बरोबर घेऊन जा आणि काउंटरवरच बसवून बघ, दात खाचेत हलता कामा नयेत आणि तळाला टेकले पाहिजेत. स्वस्तातला, दात गोलसर झालेला घेऊ नकोस, तोच राहिलेली खाच खाणार.

चेन व्हिपचं, म्हणजे चेनचा तुकडा लावलेल्या दांड्याचं, पण सांगून ठेवतो, कारण व्हिडिओ बघून दर महिन्याला कोणीतरी ती घेऊन येतंच. चेन व्हिप कॅसेटसाठी असते, गिअरच्या सायकलींना. फ्रीव्हीलच्या दातांना काहीही अडकवून घड्याळाच्या उलट ओढलंस तर ते नुसतं टिकटिक करत रिकामं फिरतं, आट्यांपर्यंत जोर पोचतच नाही, त्यासाठीच तर ते बनवलंय. पाइप पाना दातांवर लावला तरी तेच, वर दात खराब.

तेल. आज रात्रीच टाक. डब्ल्यूडी-४० चालेल, पण ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं आहे, नावातला ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग, १९५३ चा, त्यामुळे गंजाचा खास पेनेट्रेटिंग ऑइलचा डबा मिळाला तर तो घे. नाहीतर अॅसिटोन आणि गाडीचं ट्रान्समिशन ऑइल अर्धं-अर्धं मिसळून छोट्या पिचकारीत भर, रंगावर आणि टायरवर पडू देऊ नकोस, खोलीत खिडकी उघडी ठेव, गॅसपासून लांब. महत्त्वाचं काय तर ते टाकायचं कुठे. सगळे जण समोरून, दातांवर फवारतात, ते जातं छर्ऱ्यांत, आट्यांत काहीच जात नाही. फ्रीव्हीलच्या मागे, म्हणजे फ्रीव्हील आणि हबच्या थाळीच्या मध्ये जी फट आहे तिथे तारांमधून नळी घालून सोड, आणि समोरून एक्सलच्या कडेला जिथे आतला गोल हबला भिडतो तिथे. एक रात्र समोरची बाजू वर ठेव, सकाळी पुन्हा सोडून चाक पालथं कर. दोन दिवस लागू दे. आजोबांच्या सायकलने एवढी वर्षं वाट बघितली, दोन दिवस काही नाही. मधून मधून छोट्या हातोडीने आतल्या गोलावर चारी बाजूंनी टकटक करत राहा, जोरात नाही, दाराची कडी वाजवतो तशी, त्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत ओढलं जातं. थाळीवर मात्र मारू नको.

आता ज्या गोष्टीमुळे शंभरातल्या नव्वद जणांच्या खाचा उडतात ती. रिमूव्हर हाताने दाबून धरून पाना मारायचा नसतो. कितीही ताकदवान माणूस असू दे, जोर वाढला की रिमूव्हर किंचित तिरका होतो, वर उचलला जातो, दातांचं टोकच फक्त खाचेत राहतं आणि कड तुटते. रिमूव्हर कसून बांधावा लागतो. आधी एक्सलचा बाहेरचा नट, वायसर, मग लॉकनट, मध्ये नळीसारखा तुकडा असेल तर तोही काढ, रिमूव्हर तळापर्यंत बसला पाहिजे. मग त्याच्यावरून मोठा जाड वायसर आणि त्यावर एक्सलचा तोच नट लाव आणि घट्ट आवळ, रिमूव्हर हलायला जागाच राहू नये. एक्सलवरचा कोन (छर्रे दाबून धरणारा नटासारखा भाग) आडवा येत असेल तर एक्सल पूर्ण काढ, छर्रे एका वाटीत ठेव, मागच्या हबला पाव इंची असतात, आणि मग हबमधून एक जुना एक्सल किंवा लांब बोल्ट आरपार घालून दोन्ही टोकांना वायसर-नट लावून रिमूव्हर दाबून टाक. तुझ्या बाबतीत एक खाच अर्धीच आहे, त्यामुळे हे बांधणं अजूनच गरजेचं. आधी बारीक कानशीने त्या मोडक्या खाचेची वर आलेली कड सपाट कर, नाहीतर रिमूव्हर तिरपा बसेल. दीड खाच आणि चांगला आवळलेला रिमूव्हर एवढ्यावर मी बरीच फ्रीव्हीलं काढलीयेत.

मग वाइस शोध, बांक. घरात नसणारच, पण कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे, खराद मशीनवाल्याकडे असतो, पाच मिनिटं वापरू दे म्हणालास तर कोणी नाही म्हणत नाही. वाइस टेबलाला नीट बोल्ट केलेला हवा. रिमूव्हरचा षटकोनी भाग वाइसमध्ये पकड, म्हणजे चाक फ्रीव्हील खाली करून आडवं बसेल, जात्यासारखं. टायरमध्ये हवा भरलेली ठेव, हाताला पकड मिळते. आता दोन्ही हात समोरासमोर, नऊ आणि तीनवर, आणि वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेला फिरव. इथे डोकं गोंधळतं, की आपण तर उलट्या बाजूने बघतोय मग दिशाही उलटी होईल का. नाही होत, कारण धरलंय फ्रीव्हील आणि फिरवतोयस हब. लोणच्याची बरणी उपडी करून झाकण मुठीत धरलंस आणि बूड फिरवलंस तरी तुझ्या डोळ्यांना ती घड्याळाच्या उलटच उघडते, तसंच हे.

झटका देऊ नकोस आधी. जोर हळूहळू वाढवत ने आणि पूर्ण जोरावर आल्यावर तिथेच धरून ठेव, आठ-दहा सेकंद. नाही सुटलं तर एकदा किंचित उलट, म्हणजे आवळायच्या बाजूला दाब दे, मग पुन्हा. दोघं जण असाल तर फारच चांगलं, समोरासमोर उभे राहा, एकाने एक-दोन-तीन म्हणायचं. सुटताना आवाज येतो, एकच, टण्ण असा, जणू काहीतरी मोडलं. नवीन माणूस तिथे दचकतो. काही मोडलेलं नसतं, तोच तो आवाज. पण आवाज आला की तिथेच थांब! कारण फ्रीव्हील आता आट्यांवरून बाहेर यायला लागणार आणि वर आपण नट आवळून ठेवलाय, तसंच फिरवत राहिलास तर ते नटावर जाऊन दाबेल आणि एक्सल वाकेल नाहीतर हबचे आटे ओढले जातील. पाव फेरा झाला की नट दोन-तीन फेरे सैल कर, पुन्हा थोडं फिरव, पुन्हा सैल. दोन-चार वेळा असं केलं की मग हातानेच निघतं.

वाइस मिळालाच नाही तर चाक भिंतीला टेकवून उभं कर, फ्रीव्हील तुझ्याकडे, रिमूव्हरवर मोठा रिंग पाना असा चढव की त्याचा दांडा डाव्या हाताला आडवा येईल, घड्याळाच्या नऊवर, आणि दांड्यावर तीन फुटी पाण्याचा जीआय पाइप घालून शरीराचं वजन खाली सोड. मीटरभर लांबीवर ४० किलो म्हणजे सरळ ४० किलो-मीटर. चाक घसरू नये म्हणून कोणाला तरी धरायला सांग आणि तू पाइपच्या वर तोंड नेऊ नकोस. अॅडजस्टेबल पाना या कामाला लावू नको, जबडा उघडतो आणि हात सोलवटतो. कारचे टायर बदलणाऱ्यांकडची हवेची गन पण छान काम करते, तिच्या बारीक बारीक ठोक्यांनी गंज सुटतो, पण तिथेही रिमूव्हर नटाने बांधलेला हवा आणि बांधल्यावर गनची गोटी, म्हणजे पुढचा सॉकेट, त्यावर चढायला हवी, नट आत मावत नसेल तर गनचा नाद सोड.

एवढं सगळं करून खाचा पूर्णच गेल्या तर? तरी हब जात नाही. तेव्हा फ्रीव्हीलचा मोह सोडायचा. तसंही नवीन फ्रीव्हील स्वस्त मिळतं, आजोबांचा हब बाजारात मिळणार नाही, त्यामुळे कुठे थांबायचं आणि कुठे तोडायचं ते यावरूनच ठरव. आता ती बारीक भोकं कामाला येतात. खाली जुना टॉवेल पसर, त्यावर जेवायचं मोठं ताट, चाक त्याच्यावर धर. एका भोकात सुंभा, म्हणजे ठोकायचा लोखंडी पंच, तिरका लाव आणि घड्याळाच्या दिशेने ठोक, पुन्हा सांगतो, हे झाकण घड्याळाच्या दिशेने उघडतं. पहिले पाच-सहा ठोके काहीच होणार नाही, मग अचानक भोकाजवळची मळाची रेघ सरकलेली दिसेल. झाकण फिरवून काढलंस की खाली कागदासारख्या पातळ चकत्या निघतील, एक किंवा जास्त, मग बारीक छर्रे, एक-अष्टमांश इंची, काळ्या चिकट ग्रीसमध्ये मोहरीसारखे चिकटलेले, त्यातले अर्धे फुटके निघतील इतक्या वर्षांनी. दातांची बाहेरची कडी वर उचल, मागचे छर्रे पण गळतील, आणि मग दोन कुत्ते दिसतील, नखाएवढे, त्यांच्या केसासारख्या स्प्रिंगा. स्प्रिंग उडते, डोळ्यांवर काहीतरी घाल. कुत्ते चिमट्याने उचलून घे.

आता हबवर फक्त आतली पोलादी कडी उरलीये, आणि तिला धरायला भरपूर जागा आहे, कुत्त्यांच्या खोबणी आहेतच. चाक पालथं करून ती कडीच वाइसच्या जबड्यात दाब, अगदी कचकचून, आणि चाक पुन्हा तसंच फिरव. बघ, इथेही चाकच कामाला येतंय, तारा शाबूत आहेत म्हणून. वाइस नसेल तर या कडीवर पाइप पाना चालतो, कारण आता ती रिकामी फिरत नाही.

तरीही अडली तर उष्णता, पण आधी चुंबक लाव हबला. तुझ्या सायकलचा हब लोखंडीच असणार, चुंबक चिकटेल. मग आतल्या कडीवर ब्लो-टॉर्च मिनिटभर फिरव, हब गरम व्हायच्या आत कडी तापली पाहिजे, ती फुगते, फट पडते, लगेच पीळ दे. अॅल्युमिनियमच्या हबला मात्र हे उलटं पडतं, अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे सगळं एकत्र तापलं की हबच जास्त फुगून आटे अजून आवळतात, तिथे उष्णतेच्या वाटेला जाऊ नये. आणि आग लावायच्या आधी एक्सल, छर्रे, ग्रीस सगळं बाहेर, टायर-ट्यूब काढलेली, आणि अॅसिटोनवालं तेल टाकलं असेल त्या दिवशी ज्योत अजिबात नाही. पुसून, सुकवून, दुसऱ्या दिवशी, आणि मोकळ्या जागेत.

याच्यापुढे फक्त वेल्डिंग आणि ग्राइंडर. कडीवर लोखंडी जाड पट्टी वेल्ड करून घेतली की तोच पाना होतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो, बरेचदा इथेच काम होतं. अर्थची क्लॅम्प कडीलाच लावायला सांग. ग्राइंडर म्हणजे कडीला समोरासमोर दोन चिरा पाडायच्या, आट्यांपर्यंत जवळजवळ पोचायचं पण पोचायचं नाही, आणि मग चिरेत छिन्नी ठेवून एक ठोका, कडी उमलते. माझ्याकडे शेकडो चाकांत ही वेळ फार थोड्यांदा आली, आणि जेव्हा आली तेव्हा स्वतः केलं, पोराच्या हातात ग्राइंडर दिला नाही. तूही हे काम ज्याचा हात बसलाय त्याच्याकडूनच करून घे.

निघालं की हबचे आटे पितळी ब्रशने घास आणि घासलेटने धू, एखादी कड दबली असेल तर बारीक तिकोनी कानशीने हलकीच उचल. आपल्याकडचे नेहमीचे आटे १.३७ इंच आणि इंचाला २४ असतात, नवीन फ्रीव्हील त्यालाच बसतं. बसवताना आट्यांना भरपूर ग्रीस लाव, बोटाने थापून, यातच पुढच्या वेळची सगळी मेहनत वाचते, आत्ता हे जे काय चाललंय ते कोणीतरी कधीतरी कोरडं बसवलं म्हणूनच. मग फ्रीव्हील टेकवून आधी उलट फिरव, पाव फेरा, एक बारीक टुक जाणवेल, आट्याचं तोंड सापडलं, तिथून सुलट. दोन फेरे तरी बोटांनी सहज गेलेच पाहिजेत, जड लागलं तर परत काढ, तिरकं चढतंय. पान्याने आवळायची गरज नाही, सायकल जोडून झाली की बिजासन टेकरीचा चढ एकदा मार, आपोआप बसतं. चेनही तपासून घे, २४ पिनांचं अंतर नवीन चेनला बरोबर १२ इंच येतं, पट्टीवर १२ इंच आणि वर एक-अष्टमांश भरलं तर चेन ओढली गेलीये, नवीन फ्रीव्हीलचे दात ती वर्षभरात खाईल, बदलून टाक.

आणि हो, हे सगळं झाल्यावर तारा. आता कापल्यास तरी चालेल, निपल (तारांच्या रिमकडच्या टोकांचे छोटे नट) गंजलेल्या असतील तर कापाव्याच लागतील, फक्त एका बाजूने ओळीने कापत जाऊ नकोस, आधी सगळ्या निपल जेवढ्या फिरतील तेवढ्या सैल कर आणि मग समोरासमोरच्या जोड्या घे, म्हणजे थाळीवर एकाच बाजूने ताण येत नाही. नवीन रिम घ्यायला जाशील तेव्हा हब बरोबर ने आणि भोकं मोजून घे, या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० असतात, दुकानदार घाईत ३६ ची हातात देतो आणि घरी आल्यावर कळतं.